काटा खाली राहणारी गाडी : एका डिझेल इंजिनातील कार्बनचे प्रकरण

यवतमाळ जिल्ह्यातील दारव्हा तालुक्यात खासगी व्यवसाय करणाऱ्या एका पशुवैद्यकांच्या सात आसनी डिझेल गाडीत काजळी साचत होती. ती घालवण्यासाठी गावोगाव सांगितला जाणारा उपाय, म्हणजे गाडी मोठ्या रस्त्यावर नेऊन चांगली दामटणे, त्यांनी दोनदा केला. पहिल्यांदा तो लागू पडला. दुसऱ्यांदा पडला नाहीच, उलट त्या फेरीनंतर गाडी कशीबशी रखडत घरी आली. रस्ता, गाडी, चालक आणि वेग यांत काहीच फरक नसताना फळ वेगळे मिळाले, म्हणून हे प्रकरण तपशिलाने लिहून ठेवण्याजोगे आहे. गाडीची कंपनी, मालक आणि गॅरेज यांची नावे येथे दिलेली नाहीत. तशी गाडी आणि तशी वापराची रीत विदर्भातल्या कुठल्याही तालुक्यात सापडेल.

गाडी आणि तिचे काम

गाडी २०२१ सालची, भारत स्टेज ६ मानकाची आहे. हे मानक १ एप्रिल २०२० पासून देशभर लागू झाले आणि त्याने डिझेल मोटारीच्या धुरातील कणांची मर्यादा किलोमीटरमागे २५ मिलिग्रॅमवरून साडेचार मिलिग्रॅमवर आणली. एवढी कपात नुसते इंजिन सुधारून साधत नाही. त्यासाठी धुराच्या वाटेवर डीपीएफ नावाचा सिरॅमिकचा गाळणा बसवावा लागतो. त्याच्या आत बारीक नळ्यांची जाळी असते आणि शेजारशेजारच्या नळ्यांची तोंडे आलटूनपालटून बंद केलेली असतात. त्यामुळे धुराला सच्छिद्र भिंतीतून झिरपून पलीकडे जावे लागते आणि काजळी अलीकडेच राहते. ही साठलेली काजळी वेळोवेळी जाळून टाकली नाही तर गाळणा तुंबतो आणि इंजिनाचा श्वास कोंडतो.

काजळी जळायला उष्णता लागते, आणि या प्रकरणाचा सगळा गाभा त्या उष्णतेच्या आकड्यांत आहे. हवेतल्या ऑक्सिजनने काजळी जाळायची तर साधारण ५५० ते ६०० अंश सेल्सिअस तापमान लागते. गाळण्याच्या आधी बसवलेल्या उत्प्रेरकात (धुरावर रासायनिक क्रिया घडवणाऱ्या भागात) तयार होणारा नायट्रोजन डायऑक्साइड हेच काम २५० ते ४०० अंशांत करू शकतो, पण सावकाश. भरल्या गाडीने मोठ्या रस्त्यावर सलग चालवल्यास धूर या दुसऱ्या पट्ट्यात सहज पोहोचतो. उभ्या गाडीचे इंजिन नुसते चालू ठेवले तर मात्र धुराचे तापमान दीडशे अंशांच्या आसपास घुटमळते, आणि तेवढ्यात काही म्हणता काही जळत नाही.

डॉक्टरांचा दिवस नेमका या थंड पट्ट्यात जात होता. गाय माजावर आल्याचा फोन आला की कृत्रिम रेतनासाठी निघायचे, तिथून पुढच्या गावात अडलेली म्हैस, मग कुठे शेळ्यांचे लसीकरण, असे चार ते आठ किलोमीटरचे तुकडे होते. रस्ते जिल्हा परिषदेचे, काही ठिकाणी पांदण. गोठ्यासमोर गाडी थांबली तरी इंजिन बंद होत नसे, कारण मागे लशींची पेटी आणि बाहेर ऊन, म्हणून एसी चालू. शिवाय ॲव्हरेज मिळावे या हेतूने गाडी वरच्या गिअरमध्ये कमी आरपीएमवर, म्हणजे इंजिनाचे मिनिटाला फेरे कमी ठेवून, ओढत नेण्याची सवय होती. अशा चालवण्याने डिझेल वाचते असे वाटते, पण कमी आरपीएमवर जोर मागितला की सिलिंडरमध्ये हवा अपुरी पडते आणि काजळी वाढते. ओल्या पऱ्हाट्या चुलीत घातल्या की जाळापेक्षा धूरच जास्त होतो, तसला हा प्रकार.

अशा वापरासाठीच गाडीच्या संगणकाला स्वतःहून गाळणा जाळण्याची सोय दिलेली असते. काजळीचा भार ठरावीक हद्दीला पोहोचला की तो सिलिंडरमधल्या मुख्य स्फोटानंतर उशिराने थोडे जास्तीचे डिझेल फवारतो, ते उत्प्रेरकात जळते आणि गाळण्याचे तापमान ६०० अंशांपर्यंत चढते. हे काम सलग पंधरा-वीस मिनिटे चालावे लागते. या काळात इंजिनाचा आवाज किंचित बदलतो, गाडी बंद केली तरी पुढचा पंखा फिरत राहतो आणि खालून तापल्या लोखंडाचा वास येतो. पहिली दोन-अडीच वर्षे डॉक्टरांना हा वास अधूनमधून येत असे. त्यानंतर तो येईनासा झाला, आणि एखादी गोष्ट थांबली तर तिची तक्रार कोणी करत नाही.

मे महिन्यातली दुरुस्ती

त्या वर्षीच्या मे महिन्यात, पारा ४५ अंशांच्या वर असताना, इंजिनाच्या तापमानाचा काटा चढू लागला. गावातल्या मिस्त्रीने पाहिले तेव्हा रेडिएटरच्या पुढच्या जाळीत धूळ, गव्हाचा भुसा आणि कापसाचे तंतू यांचा थर बसलेला होता, आणि कूलंटच्या जागी बोअरचे जड पाणी भरलेले होते. एवढे पुरेसे कारण समोर असताना त्याने रेडिएटर वरवर धुतला आणि त्यासोबत थर्मोस्टॅट काढून टाकला. “आपल्याकडच्या उन्हात हे कायले पायजे, डॉक्टरसाहेब? उगाच पाणी अडवते,” हे त्याचे म्हणणे होते. हा मिस्त्री अडाणी नव्हे. जुन्या जीप आणि ट्रॅक्टर यांच्यावर हात बसलेल्या पिढीत उन्हाळ्यापूर्वी थर्मोस्टॅट काढण्याची रीत सर्रास आहे, आणि त्या इंजिनांना त्याचा लगेच डोळ्यांत भरेल असा त्रास होत नसे.

थर्मोस्टॅट म्हणजे मेणाच्या कुपीवर उघडझाप करणारी एक झडप. इंजिनातले पाणी साधारण ८२ ते ९० अंशांना पोहोचेपर्यंत ती बंद राहते आणि पाण्याला रेडिएटरकडे जाऊ देत नाही, त्यामुळे इंजिन लवकर तापते आणि तापलेले राहते. ती काढली की पाणी पहिल्या क्षणापासून रेडिएटरमधून फिरू लागते. मे महिन्यात याचा परिणाम सुखाचाच दिसला: काटा निम्म्याच्या खाली स्थिरावला. विदर्भात गाडीच्या बाबतीत भीती असते ती तापण्याची. इंजिन थंड राहते ही तक्रार होऊ शकते, असे कोणाच्या मनातही येत नाही. डॉक्टर तर काटा खाली राहतो म्हणून समाधानी होते.

पावसाळा कसाबसा निघाला. सप्टेंबरपासून चेक इंजिनचा दिवा मधूनच लागे आणि मिस्त्री यंत्र जोडून तो घालवून देई. ॲव्हरेज उतरले. डिपस्टिकवर तेलाची पातळी खुणेच्या वर गेलेली दिसली, तेव्हा मागच्या वेळी तेल जास्त पडले असावे असा सोयीचा निष्कर्ष निघाला. वास्तविक तेल वाढत नसते. गाळणा जाळण्यासाठी उशिराने फवारलेल्या डिझेलचा काही भाग सिलिंडरच्या भिंतीवरून खाली उतरून तेलात मिसळतो. जाळण्याचा प्रयत्न वारंवार सुरू होऊन अर्धवट तुटत राहिला की हे डिझेल साचत जाते, तेल पातळ होते आणि पातळी चढते. चढलेली पातळी हा या प्रकरणातला सर्वांत मोलाचा पुरावा होता, आणि तो डिपस्टिक पुसून परत खोचण्यात वाया गेला.

दोन फेऱ्या

ऑक्टोबरमध्ये डीपीएफचा पिवळा दिवा लागला. मिस्त्रीचा सल्ला तयार होता: “समृद्धीवर नेऊन दाबा एकदा गाडीले, सारा कार्बन झडून जाते.” गाडीच्या पुस्तिकेतही वेगळ्या शब्दांत जवळपास हेच लिहिलेले आहे, त्यामुळे हा सल्ला निव्वळ ऐकीव नव्हता. डॉक्टर एका दुपारी चार नातलगांना घेऊन कारंजा लाड येथून समृद्धी महामार्गावर चढले आणि धामणगाव रेल्वेच्या दिशेने गेले. मोटारींसाठी तिथली मर्यादा ताशी १२० किलोमीटर आहे; त्यांनी १०० च्या आसपास वेग ठेवला. परतीच्या वाटेवर दिवा विझला, गाडी हलकी झाल्यासारखी वाटली आणि उपायावरचा विश्वास पक्का झाला.

डिसेंबरच्या शेवटी दिवा पुन्हा लागला. या वेळी डॉक्टर एकटेच, रहदारी टाळावी म्हणून पहाटे निघाले. रस्ता तोच, वेग तोच. दिवा विझला नाही. त्यांनी आणखी जोर दिला, तेव्हा परतताना दिवा लुकलुकू लागला, जोडीला चेक इंजिनचा दिवा आला, आणि गाडीने स्वतःची ताकद आखडून घेतली. ॲक्सिलरेटर तळाला टेकवला तरी ती ६० च्या पुढे जाईना.

येथे एक गोष्ट स्पष्ट करणे आवश्यक आहे. दिवा स्थिर असतो तोपर्यंतच गाडी पळवून गाळणा मोकळा करण्याची मुभा असते. दिवा लुकलुकू लागला किंवा त्याला दुसऱ्या दिव्याची जोड मिळाली, की गाळण्यात काजळी प्रमाणाबाहेर भरली आहे असे समजावे. अशा भरलेल्या गाळण्यात काजळीने एकदम पेट घेतला आणि त्याच क्षणी गाडीचा वेग उतरला, तर उष्णता वाहून नेणारा धुराचा प्रवाह कमी होतो, आतले तापमान हजार अंशांच्या वर जाऊ शकते आणि सिरॅमिकला तडे जातात. डॉक्टरांचा गाळणा वाचला, पण तो त्यांनी दिलेल्या जोरामुळे नव्हे. इंजिन मुळात इतके थंड होते की जाळण्याचे काम सुरूच झाले नाही.

अंगणात उभ्या गाडीला रेस देण्याचा प्रयोगही मधल्या काळात होऊन गेला होता. त्यातून काळ्या धुराचा लोट निघतो, पाहणाऱ्याला कार्बन बाहेर पडल्याचे समाधान मिळते, पण हातात काही येत नाही. उभ्या गाडीला ओझे नसते. ओझे नसले की डिझेल थोडेच जळते, आणि आरपीएम कितीही चढवले तरी धूर पुरेसा तापत नाही. सकाळी इंजिन सुरू केल्याबरोबर अशी रेस दिली, तर तेल पोहोचण्यापूर्वी टर्बोच्या, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या पंख्याच्या, दांड्याची झीज होते ती वेगळीच.

तपासणी

जिल्ह्याच्या ठिकाणच्या सर्व्हिस सेंटरने गाळणा बदलण्याचा सल्ला दिला आणि लाखाच्या आसपासचा अंदाज हातात ठेवला. दुसऱ्या एका गॅरेजने गाळणा कापून आतली जाळी काढून टाकण्याची आणि संगणकातून त्याची नोंद पुसण्याची तयारी दाखवली. हा दुसरा मार्ग स्वस्त वाटतो म्हणून ग्रामीण भागात बराच चालतो. परंतु मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार निर्मात्याच्या मूळ रचनेत असा बदल करता येत नाही, आणि प्रदूषण मानकांच्या भंगासाठी कलम १९०(२) आहेच. कायदा बाजूला ठेवला तरी, ज्या कारणाने काजळी साचत होती ते कारण त्याने सुटणार नव्हते.

शेवटी यवतमाळच्या एका स्वतंत्र मेकॅनिकने गाडीला स्कॅनर जोडून, गाडी रस्त्यावर चालवत चालू आकडे पाहिले. अर्धा तास चालवल्यानंतरही पाण्याचे तापमान ५८ ते ६४ अंशांच्या दरम्यान होते. जाळण्याचे शेवटचे यशस्वी काम ९०० किलोमीटरपूर्वी झाले होते आणि त्यानंतरचे सर्व प्रयत्न अर्धवट तुटले होते किंवा सुरूच झाले नव्हते. नोंदींत पी०१२८ हा कोड होता. पाणी थर्मोस्टॅटच्या तापमानापर्यंत पोहोचत नाही, असा त्याचा सरळ अर्थ होतो. सप्टेंबरपासून मिस्त्री जो दिवा घालवत होता, तो हाच इशारा देत होता.

आता दोन फेऱ्यांतला फरक उघड झाला. बहुतेक डिझेल गाड्यांत पाणी ठरावीक तापमानाला पोहोचल्याशिवाय संगणक गाळणा जाळायला घेत नाही. ऑक्टोबरच्या दुपारी बाहेर ऊन होते, गाडीत पाच माणसे होती, एसी चालू होता. या सर्वांच्या ओझ्याने थर्मोस्टॅट नसतानाही पाणी त्या हद्दीपर्यंत जेमतेम पोहोचले. डिसेंबरच्या पहाटे गारठा होता, गाडी रिकामी होती आणि १०० च्या वेगाने येणारा वारा रेडिएटरवर सतत आदळत होता. म्हणजे त्या फेरीत वेगाने इंजिन तापवण्याऐवजी निववण्याचेच काम केले. गाडी पळवल्याने कार्बन जातो, हे विधान यामुळे खोटे ठरत नाही. कार्बन ओझ्यातून येणाऱ्या उष्णतेने जातो, आणि वेग हा ती उष्णता मिळवण्याचा एक मार्ग आहे, तोही निरोगी इंजिनात.

दुरुस्तीचा क्रम असा ठेवण्यात आला. प्रथम नवा थर्मोस्टॅट बसवला, रेडिएटर उतरवून दोन्ही बाजूंनी नीट धुतला आणि योग्य प्रमाणात कूलंट भरले. डिझेल मिसळलेले तेल आणि तेलाचा फिल्टर बदलला. पातळ तेलावर गाळणा जाळायला घेणे धोक्याचे असते. त्यानंतरच स्कॅनरच्या आज्ञेने उभ्या गाडीत गाळणा जाळला. ही आज्ञा आणि अंगणातली रेस यांत फरक असा की येथे संगणक स्वतः जास्तीचे डिझेल फवारून उत्प्रेरकात उष्णता निर्माण करतो. हे काम अर्ध्या तासाहून अधिक चालले आणि त्यासाठी गाडी मुद्दाम सिमेंटच्या मोकळ्या जागेत उभी केली होती. सोयाबीनचे कुटार किंवा वाळलेले गवत पसरलेल्या खळ्यात हे करणे म्हणजे आगीला निमंत्रण देणे आहे. रस्त्यावर गाळणा जळत असताना गाडी अशा जागी थांबवणेही तितकेच वाईट. आपल्याकडे दिवाळीच्या सुमारास रस्त्यावरच धान्य वाळत घातलेले असते, ही गोष्ट पुस्तिका लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर नसते.

जो कार्बन वेगाला दाद देत नाही

गाळणा मोकळा झाला तरी गाडीचा पिकअप पूर्ण परतला नव्हता. तेव्हा हवा आत नेणारा मॅनिफोल्ड आणि ईजीआरची झडप उघडली. तिच्यात डांबरासारखा चिकट काळा थर होता आणि हवेची वाट बरीच अरुंद झाली होती. ईजीआर म्हणजे धुराचा काही भाग पुन्हा आत सोडण्याची व्यवस्था. त्या धुरातली काजळी आणि इंजिनाच्या पोटातून येणारी तेलाची वाफ यांचा मेळ होऊन हा थर बसतो, आणि इंजिन थंड राहिले की तो अधिक वेगाने वाढतो. गाडी कितीही दामटली तरी हवेच्या वाटेवरची भिंत काजळी जळेल इतकी कधीच तापत नाही. हा थर उघडून, खरवडून आणि द्रावणाने धुऊनच काढावा लागला. समृद्धीच्या पहिल्या फेरीनंतर गाडी “हलकी” वाटली ती गाळणा मोकळा झाल्यामुळे. मॅनिफोल्डमधला थर तेव्हाही होता तसाच होता.

पेट्रोल गाड्यांतही हाच भेद करावा लागतो. प्लगवरची काजळी प्लगचे टोक ४५० ते ५०० अंशांच्या वर गेले की आपोआप जळते, त्यामुळे फक्त बाजारापुरती फिरणारी पेट्रोल गाडी कधीमधी मोकळ्या रस्त्यावर चालवल्याने खरोखर सुधारते. परंतु ज्या नव्या इंजिनांत पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारले जाते, त्यांच्या हवेच्या व्हॉल्व्हवर पेट्रोल पडतच नाही, म्हणून ते धुतले जात नाहीत आणि तिथला थर पळवून जात नाही. दामटण्यावरचा आपल्याकडचा गाढ विश्वास हा बहुधा टू-स्ट्रोकच्या काळाचा वारसा असावा. तेव्हा तेल पेट्रोलमध्ये मिसळून जळत असे, सायलेन्सर कार्बनने भरत असे, आणि तो काढून जाळात तापवून झटकण्याचे काम प्रत्येक गॅरेजबाहेर चाले. तिथे कार्बन एकाच ठिकाणी होता आणि एकाच उपायाने जात होता.

त्यानंतरचे वर्ष

डॉक्टरांच्या कामाचे स्वरूप बदलणे शक्य नव्हते; गाई-म्हशी आहेत त्याच गावांत राहणार. दोन सवयी मात्र बदलल्या. गोठ्यासमोर इंजिन बंद होते आणि लशींसाठी बर्फाची चांगली पेटी घेतली आहे. आणि आठवड्यातून एकदा दारव्हा ते यवतमाळ ही फेरी, औषधे आणण्याच्या निमित्ताने, ठरवून केली जाते. या फेरीत पहिली काही मिनिटे गाडी सावकाश चालते. काटा मध्यावर आला की एक गिअर खालचा ठेवून इंजिन २,००० ते २,५०० आरपीएमच्या दरम्यान वीस ते तीस मिनिटे सलग राखले जाते, आणि मोकळा रस्ता मिळेल तिथे अधूनमधून भरपूर जोर दिला जातो. पूर्ण जोराचे हे झटके टर्बोच्या हलत्या पात्यांनाही शेवटपर्यंत फिरवतात, त्यामुळे ती काजळीने जखडत नाहीत. यासाठी वेगमर्यादा ओलांडावी लागत नाही. खालच्या गिअरमध्ये ७० च्या वेगालाही पुरेशी उष्णता मिळते. मुक्कामी पोहोचल्यावर टर्बो निवावा म्हणून इंजिन मिनिटभर चालू ठेवून मग बंद केले जाते, आणि त्या वेळी पंखा फिरत असेल तर आणखी थोडा फेरफटका मारून जाळण्याचे काम पूर्ण होऊ दिले जाते.

पुढच्या हिवाळ्यात दिवा लागला नाही. तेलाची पातळी दोन खुणांच्या मध्येच राहिली, आणि तापल्या लोखंडाचा तो जुना वास परत येऊ लागला.

एक बाब अजून शिल्लक आहे. गाळणा पूर्ण जाळल्यानंतरही त्याच्या दोन टोकांतल्या दाबाचा फरक असायला हवा त्यापेक्षा थोडा जास्तच दिसतो. याचे कारण काजळी नसून राख आहे. इंजिन तेलात कॅल्शियम, जस्त यांसारख्या धातूंची मिश्रणे असतात. तेल जळाले की त्यांची राख गाळण्यात अडकते आणि ती कोणत्याही तापमानाला जळून जात नाही. मधल्या काळात एकदा गावातल्या दुकानातून ट्रॅक्टरचे तेल भरले गेले होते, ज्यात राख सोडणारे घटक जास्त असतात. या गाडीसाठी कमी राखेचे, सी ३ दर्जाचे तेल सांगितलेले आहे आणि त्यात सल्फेटेड राखेची मर्यादा ०.८ टक्के आहे. साचलेली राख काढायची तर गाळणा गाडीतून उतरवून धुवावा लागेल. दाबाचा आकडा आणखी चढला तर ते काम पुढच्या मोठ्या सर्व्हिसला करायचे ठरले आहे. तोपर्यंत तेलाचा डबा डॉक्टर स्वतः यवतमाळहून आणतात, आणि मिस्त्रीसमोर सील उघडून भरून घेतात.